जागा शेवटपर्यंत सोडू नये

वॉशिंग्टन,
मंगळवार, १० डिसेंबर १९४०

तीर्थरूप जेकबदाजी यांस,

धाकट्या मेहुण्याचा मनापासून नमस्कार. आपल्या ख्रिस्ती मंडळीतले आपण बंधुजन समोरासमोर भेटलो की शांतीचं चुंबन देतो-घेतो. ते पोस्टाने पाठवण्याची सोय सरकारने अजून केलेली नाही, तेव्हा ते या ओळीवर ठेवलं आहे असं समजून घ्यावं. तुमचा गुडघा कसा आहे? गिरणीचा पाट गोठला का? सलोमीताईचं पत्र मिळालं. आत ताईचा मजकूर, वर पत्ता तुमच्या हातचा. गेली बारा वर्षं तुम्ही आमच्या राजधानीतला ‘ग’ गाळून ‘वॉशिंटन’ लिहिता आणि गेली बारा वर्षं आमचा पोस्टमन तो मनातल्या मनात भरून घेतो, यावरून देशात सज्जन माणसं अजून शिल्लक आहेत एवढं दिसतं. ताई लिहिते की तुम्ही मागच्या आठवड्यात सोमवारी दात दाखवायला इथे आला होता आणि मला न भेटता संध्याकाळच्या गाडीने परत गेलात. त्याचा मला राग नाही. दाताचं दुखणंच तसं असतं, त्यापुढे माणसाला मेहुणा आठवत नाही. आता ठणका कमी असेल अशी आशा आहे.

आज लिहायचं कारण असं, की परवा रविवारी माझ्या हातून एक पाप घडलं, आणि त्याबद्दल देवाचे आभार मानावेत असं मला दोन दिवस सारखं वाटतं आहे. ही दोन्ही एका माणसाच्या पोटात एकदम कशी राहावीत, ते मंडळीचा कारभार बघणाऱ्या तुमच्यासारख्या जाणत्या डीकननेच सांगावं. मी एका खोलीच्या शाळेत सहावीपर्यंत शिकलेला सुतार, मला एवढा खोल विचार झेपत नाही. देवाच्या दिवशी, रविवारी, मी चेंडूच्या खेळाला गेलो होतो. बसा, दाजी, उभे असाल तर बसा. आणि तोही साधासुधा खेळ नाही, तर वर्षाअखेरचा अजिंक्यपदाचा सामना, छत्तीस हजार माणसांबरोबर.

झालं असं, की गेल्या शुक्रवारी मला एक पाकीट आलं. पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं, अक्षरं सुटी, ठोकळ्यासारखी. आत एक तिकीट आणि चिठ्ठीवर एकच ओळ: ‘ही जागा शेवटपर्यंत सोडू नये.’ मला वाटलं, मी सुतारकाम करतो त्या कचेरीतले प्रेंटिससाहेब. मी त्यांचा दरवाजा नीट करून दिला होता (तीन वर्षं तो डुकरासारखा किंचाळत होता), तेव्हापासून ते माझ्यावर खूश आहेत. आता साहेबाने प्रेमाने दिलेलं परत कसं करायचं? आणि रविवारी खेळाला जायचं तरी कसं? शनिवारभर मी रंधा मारता मारता हाच विचार केला आणि एका खिडकीची चौकट बोटभर जास्त तासली. शेवटी मनाची अशी समजूत घातली की सकाळी प्रार्थनेला जावं, दुपारी जाऊन बसावं, आणि फार पापाचं काही दिसू लागलं तर डोळे मिटावेत. (हे करता येत नाही, दाजी. छत्तीस हजार माणसं एकदम ओरडली की डोळे आपोआप उघडतात.)

माझी जागा गोलाच्या खांबांमागे होती. शेजारची खुर्ची रिकामी होती. प्रेंटिससाहेब येतील म्हणून मी तिच्यावरची धूळ रुमालाने पुसली. खेळ सुरू व्हायला पाच मिनिटं असताना त्या पुसलेल्या खुर्चीवर येऊन बसला कॅस्पर फ्लोरी.

तुम्हाला आमचं भांडण ठाऊक आहेच, पण पाप कबूल करायचं तर सगळं करावं, म्हणून पुन्हा लिहितो. कॅस्पर आपल्या सभेत गीताची पहिली ओळ धरायचा. आपल्याकडे ना पेटी ना ऑर्गन, तो जिथे सूर धरेल तिथे दोनशे गळ्यांनी चढायचं, आणि तो फार वर धरायचा. नऊ वर्षांपूर्वी नोआ क्लाईनच्या कोठाराच्या उभारणीला सगळा गाव जमला असताना, इथून मदतीला आलेला मी माळ्यावरून मोठ्याने म्हणालो, की कॅस्परने सूर धरला म्हणजे पहिलं कडवं आपण म्हणायचं आणि दुसरं वटवाघळांनी. पन्नास माणसं हसली. कॅस्परच्या तोंडात ठोकायचे खिळे धरलेले होते, त्यामुळे त्याला उत्तर देता आलं नाही, आणि मला वाटतं तेच त्याला जास्त लागलं. पुढच्या रविवारपासून त्याने ओळ धरणं सोडलं. मी माफी मागायला आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिलो. मग तो लेकीकडे इथे वॉशिंग्टनला आला, बाजारात सफरचंदं आणि लोणी विकायला लागला. इथे तो सकाळच्या प्रार्थनेला जातो म्हणून मी अकराच्या जायला लागलो. तो बाजाराच्या या दाराशी बसतो म्हणून मी त्या दाराने जातो. नऊ वर्षं मी या शहरात दुसऱ्याच दारांनी आत-बाहेर करतो आहे.

आणि दर शरदात तुम्ही डीकन म्हणून घरोघर जाता, मला पत्राने विचारता ते तीन प्रश्न. पहिल्याला मी ‘होय’ लिहितो, तिसऱ्याला ‘होय’ लिहितो, आणि दुसऱ्याशी (तू सगळ्या बंधुजनांशी शांतीने आहेस ना?) नऊ वर्षं माझं पेन थांबतं. ज्याचं पेन थांबतं त्याला प्रीतिभोजनाच्या मेजावर बसता येत नाही. दर मे महिन्यात मी गावी येतो, मागच्या बाकावर पाहुण्यांत बसतो आणि तुम्ही सगळे एकमेकांचे पाय धुताना, चौघांत एक वाडगा घेऊन रस्सा खाताना बघतो. आई आता ब्याऐंशीची आहे. गेल्या खेपेला ती म्हणाली, “एनॉस, मला तुला एकदा मेजावर बसलेलं बघायचंय. घाई कर, मी काही फार दिवस थांबणार नाही.” तुम्ही शेजारीच होता. तुम्ही दाढी चोळलीत.

तर असा कॅस्पर माझ्या शेजारी. मी उजवीकडे बघू लागलो, तो डावीकडे. उठून जावं असं दोघांच्याही मनात आलं असणार, पण माझ्या खिशात ती चिठ्ठी होती. आपण लोक शपथ घेत नाही, कारण आपला शब्दच पुरेसा. तिकीट घेतलं म्हणजे त्याची अट घेतली. मी खुर्ची घट्ट धरून बसलो. तोही तसाच बसलेला दिसला, तेव्हा मला नवल वाटलं.

आता खेळाचं सांगतो. तुम्हाला त्यातलं काही ठाऊक नाही (असं मी आत्तापुरतं धरून चालतो). हा चेंडू गोल नसतो, मोठ्या रताळ्यासारखा असतो. तो पोटाशी धरून पलीकडच्या रेषेपार नेला की सहा गुण, आणि मग खांबांमधून लाथेने उडवला की आणखी एक. तीन आठवड्यांपूर्वी आमच्या संघाने शिकागोच्या अस्वलांना (त्यांच्या संघाचं नावच तसं आहे) सात विरुद्ध तीनने हरवलं होतं. शिकागोवाल्यांनी निकालावर कुरकुर केली, तेव्हा सगळं शहर त्यांना ‘रडके, रडके’ म्हणून चिडवू लागलं. छापूनसुद्धा आलं. माझ्या पुढच्या रांगेत ट्रामवर कंडक्टर असलेले डेलाहंटी म्हणून एक गृहस्थ आणि त्यांची भरदार बायको बसली होती. डेलाहंटींनी रडक्यांसाठी घरून मोठा रुमाल आणला होता. तो ते सगळ्यांना दाखवत होते.

पहिलं मिनिट संपायच्या आत शिकागोचा एक गडी चेंडू घेऊन जो पळाला तो थेट रेषेपार. आमच्या एकाच्या हातात भरपाईचा चेंडू अलगद आला होता, तो त्याने सोडला. त्यानंतर, दाजी, मला मोजता आलं तेवढं मी मोजलं. अर्धा खेळ झाला तेव्हा अठ्ठावीस विरुद्ध शून्य. डेलाहंटींनी रुमाल खिशात ठेवला. मला सारखी बायबलातल्या अलीशा संदेष्ट्याची गोष्ट आठवत होती. त्याच्या टकलाला पोरं हसली आणि रानातून अस्वलं आली. त्या गोष्टीतली अस्वलं बेचाळीस पोरांवर थांबली. ही थांबेनात. आणि मग मनात आलं, हसणारी पोरं एवढीच नव्हेत. मीही त्यांतलाच. माझं अस्वल इतकंच, की ते नऊ वर्षं रानात थांबलं आणि मग तिकीट काढून शेजारी येऊन बसलं.

तिसऱ्या भागात त्यांनी पुन्हा एकदा रेषा ओलांडली, एका गुणासाठी चेंडूला लाथ मारली, आणि तो चेंडू खांबांवरून येऊन बरोबर आमच्या दोन खुर्च्यांच्या मधोमध पडला. आम्ही दोघांनी एकदमच धरला. आता इतर लोक काय करत होते? येईल तो चेंडू कोटात घालून घरी नेत होते. पण आपल्याला तसं शिकवलेलं नाही. चेंडू दुसऱ्याचा, तो परत द्यायचा. मला तो परत द्यायचा होता, कॅस्परलाही द्यायचा होता, आणि दोघांनाही स्वतःच द्यायचा होता.

“सोड,” कॅस्पर म्हणाला. नऊ वर्षांनंतरचा पहिला शब्द.

“तू सोड. माझ्या गुडघ्यावर पडला.”

“माझ्या कोपरावर आधी पडला. मी देतो परत.”

“परत?” डेलाहंटी पूर्ण वळले. “कोणाला परत?”

“ज्यांचा आहे त्यांना,” आम्ही दोघं एकदम म्हणालो.

“अहो दाढीवाले! डोकं फिरलंय का तुमचं? तो परत दिला की ते त्यानेच आणखी मारतील आपल्याला! ठेवा घरी! पोराबाळांना द्या! गाडून टाका!”

“आमचा नाही तो,” कॅस्पर म्हणाला.

“चोरी होईल ती,” मी म्हणालो.

“चोरी? पस्तीस गुण चोरून नेले त्यांनी, ती दिसली नाही तुम्हाला?”

शेवटी आम्ही दोघांनी एकेक टोक धरून तो खाली फेकला. (दोन सुतारांनी तुळई टाकावी तसा. फार लांब गेला नाही, पण गेला.) आमच्या बाजूच्या हजारभर माणसांनी आम्हाला उद्देशून जे शब्द वापरले ते मी लिहीत नाही. त्यातले निम्मे मला कळले नाहीत, आणि उरलेले कळले नसते तर बरं झालं असतं. एक बाई म्हणाली, “अगं बाई, दोघंही एकाच कारखान्यात तयार झालेत वाटतं!” त्यावर कॅस्परच्या दाढीत काहीतरी हललं. मी ओळखलं, ते हसू होतं. कोठाराच्या उभारणीत तो हसला नव्हता तेच हसू असावं, जपून ठेवलेलं.

मग चौपन्न झाले. साठ झाले. इतक्यात कर्ण्यावरून कोणीतरी गोड आवाजात सांगितलं, की पुढच्या वर्षीच्या जागांची तिकिटं आतापासून मिळतील. दाजी, त्यावर लोकांनी जो आवाज केला तो तुमच्या गिरणीत दगड फुटला तेव्हा झाला होता त्याहून मोठा होता. आणि थोड्याच वेळात बातमी रांगारांगांतून मागे सरकत आली: चेंडू संपत आले आहेत. मैदानावरच्या पंचांनी शिकागोवाल्यांना विनंती केली आहे की बाबांनो, आता गुण झाला तर लाथ मारू नका, उरलेले चेंडू खेळायला लागतील.

डेलाहंटी सावकाश वळले. “ऐकलंत?” ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, फक्त दुःख होतं. “चेंडू संपत आले. तुमचा तो एक परत गेला नसता, तर कदाचित खेळच बंद पडला असता. साठवर सुटलो असतो आपण.”

“माफ करा,” मी म्हणालो. आणि दाजी, तो शब्द तोंडातून निघाला तेव्हा मला कळलं की तो मी चुकीच्या माणसाला म्हटला. नऊ वर्षं जो कॅस्परसाठी निघाला नव्हता तो एका ट्राम कंडक्टरसाठी चटकन निघून आला. मग मी कॅस्परकडे वळलो. त्या वेळी शिकागोवाले पुन्हा पळत होते, लोक कण्हत होते, आणि मला स्वतःचाच आवाज ऐकू येत नव्हता, त्यामुळे धीर आला.

“कॅस्पर,” मी म्हणालो, “तुझा सूर वर नव्हता. माझाच गळा खाली होता.”

त्याने मैदानाकडे तोंड केलं. मग म्हणाला, “वर होता रे. बायकोसुद्धा म्हणायची. पण ती घरात म्हणायची.”

“ते मी माळ्यावरून म्हटलं.”

“तोंडात खिळे होते माझ्या, एनॉस.”

“ठाऊक आहे. सहा होते.”

“सात,” कॅस्पर म्हणाला. “एक गिळला.”

 आपल्यात अशा वेळी माणूस जे करतो ते आम्ही केलं. उठून उभे राहिलो, एकमेकांचे खांदे धरले आणि शांतीचं चुंबन घेतलं, रीतसर, ओठांवर. नेमक्या त्याच क्षणी शिकागोवाल्यांनी अकराव्यांदा रेषा ओलांडली. सगळं मैदान मान खाली घालून बसलेलं. त्र्याहत्तर विरुद्ध शून्य. आणि गोलामागच्या रांगेत दोन दाढीवाले उभे राहून एकमेकांचे मुके घेत आहेत आणि रडत आहेत.

“शिकागोचे आहेत!” कोणीतरी ओरडलं. “म्हणूनच चेंडू परत दिला! हेर आहेत!”

मग शेंगदाणे आले. नंतर टरफलं. एक टोपी आली (ती मी परत दिली. फेकणाऱ्याने कशी घेतली ते विचारू नका). पहारेकरी येऊन म्हणाला, “आजोबा, जीव प्यारा असेल तर निघा दोघं.” आणि आम्ही दोघंही एकदम म्हणालो, “नाही जमायचं. जागा शेवटपर्यंत सोडू नये.” म्हणाल्यावर एकमेकांकडे बघितलं. कॅस्परने खिशातून चिठ्ठी काढली. मी काढली. दोन्हींत तीच ओळ.

त्या वेळी आम्हाला वाचवलं ते डेलाहंटीबाईंनी. त्या उठून उभ्या राहिल्या (त्यामुळे निम्म्या लोकांना आम्ही दिसेनासे झालो) आणि गरजल्या, “राहू द्या रे त्यांना! छत्तीस हजार माणसांत दोघंच काय ते आनंदात आहेत. तेही तुम्हाला बघवत नाही का?” त्यावर शेंगदाणे थांबले. डेलाहंटींनी खिशातून तो रुमाल काढला, थोडा वेळ हातात धरला आणि कॅस्परला दिला. “घ्या,” म्हणाले, “आज आणला होता दुसऱ्यांसाठी.” आम्ही दोघांनी तो आळीपाळीने वापरला. शेवटची शिट्टी झाली तेव्हा आमच्या रांगेत आम्हीच होतो, मांडीवर शेंगदाण्यांची टरफलं घेऊन, आणि मी मनात देवाचे आभार मानत होतो. लोक म्हणतात असा पराभव आजवर कोणी पाहिला नाही. मला त्यात सगळ्यांच्या वाट्याचा पराभव मिळाला आणि एकट्याच्या वाट्याची शांती मिळाली. बिचाऱ्या आमच्या गड्यांना कोणीतरी सांगायला हवं होतं की त्यांचे श्रम वाया गेले नाहीत. सात विरुद्ध तीन झाले असते, तर कॅस्पर आणि मी अजून उजवी-डावीकडे बघत बसलो असतो.

घरी आम्ही चालत आलो, तो बाजाराच्या बाजूने आणि मीही त्याच बाजूने. ताईला आणि आईला माझा प्रेमळ नमस्कार. गुडघ्याला गरम कोंड्याचा शेक द्यावा.

तुमचा कृतज्ञ मेहुणा,
एनॉस वाम्प्लर

ता. क. काल प्रेंटिससाहेबांचे आभार मानले. ते म्हणाले, त्यांनी तिकीट दिलं नाही, त्यांना हा खेळ आवडत नाही, आणि दरवाजा पुन्हा किंचाळतो आहे.

आणखी ता. क. काल संध्याकाळी कॅस्पर त्याचं पाकीट घेऊन माझ्याकडे आला. दोन्ही शेजारी ठेवली. दोन्ही गव्हाच्या पिठाच्या खळीने चिकटवलेली, आणि त्याच्या खळीत शहाजिऱ्याचा एक दाणा, ताई पावात घालते तसला. दोन्हींवर राजधानीतला ‘ग’ गाळलेला. मग मला आणखी एक गोष्ट आठवली. दाजी, तुम्ही दात दाखवायला आलात म्हणता. तुमचे सगळे दात नोआच्या कोठाराच्या आधीच्या वर्षी काढून झाले. सुट्टीत गावी आलेल्या मी स्वतः तुम्हाला घोडागाडीतून घरी आणलं होतं.

तेव्हा यंदा तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर ‘होय’ आहे, कॅस्परचंही ‘होय’. आमचा तुम्हाला एकच प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर नको. एका डीकनने तिकिटांच्या रांगेत किती वेळ काढला? रविवारचं माझं पाप तुम्ही सभेपुढे मांडणार असाल तर जरूर मांडा, पण तेव्हा आम्ही दोन पाकिटं घेऊन हजर राहू.

खरं मागणं पुढे आहे. मे महिन्यात मेजावर आम्हा दोघांना शेजारी बसवा, आईच्या समोर. कॅस्परचे पाय मी धुवीन. आणि पहिल्या गीताची ओळ त्याला धरू द्या. त्याने मला शब्द दिला आहे की खालच्या सुरात धरीन.

(पत्र पेटीत टाकायला एनॉसने माझ्याकडे दिलं, म्हणून समासात चार ओळी लिहितो. दाजी, फार उपकार झाले. सुराचं मी त्याला तसं सांगितलं आहे खरं, पण एवढ्या आनंदात सूर खाली राहणार कसा? वटवाघळांना आधी कळवून ठेवा. — कॅस्पर फ्लोरी)